घरटी एक माणूस

"बांधावर कोणीही जायचं नाही," असं फौजदार निशिगंधा मॅडमनी पुन्हा एकदा बजावलं, तरी गोदूबाईनं डोक्यावरचं घमेलं काही खाली ठेवलं नाही.

तिच्यामागे गाव उभा होता. रात्रीच्या उधाणानं खाडीचा बांध पोखरला होता आणि पाणी उतरता उतरता तो बसला. बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. आता ओहोटी होती म्हणून निभावलं; दुपारी अवसेची भरती चढली की खारं पाणी थेट पोटरीला आलेल्या, लोंब्या फुटायच्या बेतातल्या भातात. आणि एकदा का खारं भरलं, की दोन-तीन वर्षं त्या जमिनीकडे बघायला नको. गोदूबाईच्या चुलीवर वर्षभर शिजणारा भात त्याच बांधाच्या आतला.

पण पोलिसांनी नेमका त्याच पहाटे बांध ताब्यात घेतलेला. खाडीच्या तोंडाशी अनोळखी बोट दिसली होती, त्यातून कोणी उतरलं की काय ते कळत नव्हतं, आणि वरून हुकूम आला होता: किनारा बंद, पाचजणांनी एकत्र जमायचं नाही. त्यात गावातल्या कमळाकरानं खांड बघितली आणि वहिवाटीप्रमाणे थाळी बडवली. थाळी वाजली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर. पोलिसांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, दंगाच उसळला.

मॅडम काही वाईट नव्हत्या. रोह्याकडची, वरसे गावची पोर. डोळे जागरणानं लाल झालेले. एवढ्या गर्दीत एखादा परका डोक्यावर घमेलं घेऊन मिसळला तर ओळखायचा कसा, आणि उद्या कुठं धमाका झाला तर जाब कोणाला विचारतील, हे त्यांनी सरळ बोलून दाखवलं. हे सगळं तुमच्याच सुरक्षेसाठी आहे, आजी, असंही म्हणाल्या.

"आमची राखण करतेस ना गो बाय?" गोदूबाई म्हणाली. "मग तोंड खाडीकडं कर. आमच्याकडं तोंड करून कशाला उभी हायेस?"

मागून गावातल्या तरण्या सुशीलनं आवाज दिला, चला रे, बघू कोण अडवतो. एका शिपायाची काठी वर गेली. गोदूबाईनं मागं वळून सुशीलला असा काही झाडला की काठीही आपोआप खाली आली. बोट खरी असंल तर पयला घाव आपल्यावरच पडंल, मुडद्या, एवढं तरी कळतं का तुला, असं तिनं विचारलं. मग ती मॅडमकडे वळली आणि बाजारात मासळीचा भाव ठरवावा तशी बोलायला लागली. चिखलाच्या ढेपा हातोहात द्यायच्या तर रांग लागणारच. चार माणसं आमची, मग एक पोलीस, पुन्हा चार आमची, पुन्हा पोलीस. पाचजण एकत्र येणार नाहीत, आणि पोलिसांची नजर खाडीवर.

"आणि रांगेत शिरणाऱ्या एकेकाचं नाव मी सांगीन," ती म्हणाली. "ज्याचं सांगता येणार नाय, त्याला खुशाल धर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी एकटी जाते. मला उचलायला दोन शिपाई लागतील. तेवढी खाडी उघडी पडंल, बघ."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. वॉकीटॉकी तोंडाशी नेली, थोडं बोलल्या, बरंच ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "जबाबदारी माझी, साहेब."

रांग लागली. काळुरामचा केरू, विमलबाई, धोंडुबाईची सून... अशी गोदूबाई एकेकाचं नाव घेत गेली. एका पोरापाशी अडली. तो चंद्रावतीचा नवा जावई, कालच नागोठण्याहून आलेला. तुझं नाव मला ठाऊक नाय, बाजूला हो, असं तिनं सांगितलं. चंद्रावती खवळली, सासुरवाडीत जावयाचा असा मान ठेवतात का म्हणाली; पण शब्द तो शब्द. जावईबापू शिपायाशेजारी भेंडीच्या डेरेदार झाडाखाली बसले आणि त्या घरातून खुद्द चंद्रावती पदर खोचून चिखलात उतरली.

ढेपा चालू लागल्या. पोलीस आधी नुसतेच उभे होते, पण मधे उभ्या असलेल्याच्या हातात ढेप आली की ती पुढं द्यावीच लागते. माणूस कमी पडला तिथं मॅडम स्वतः शिरल्या. ऊन चढलं, पाणी चढलं, खांड भरत आली. भरती बांधाला भिडली, वर सरकली, माथ्याला हातभर अंतर राहिलं आणि तिथंच थांबली. आत भात जसाच्या तसा उभा. गोदूबाईचे डोळे भरून आले. जिंकलो गो, जिंकलो, असं ती विमलबाईला दहादा तरी म्हणाली असेल.

बोटीचा पत्ता अजून नव्हताच. पोलिसांची तोंडं खाडीकडेच होती.

खांड बुजली की घरांना हाक द्यायची, ही इथली जुनी रीत. घराचं नाव घेतलं की त्या घरानं 'हाय', म्हणजे 'आहे', म्हणायचं. जे घर गप्प राहील त्याच्या दारचं पाणी गाव वर्षभर पीत नाही. गोदूबाई उंचवट्यावर चढली आणि एकेक घर पुकारत गेली. सगळी घरं बोलली. शेवटचं घर झालं, बायका घमेली उचलायला वाकल्या, तरी ती खाली उतरेना.

"पोलीस ठाण्याचं घर?" तिनं हाक दिली.

हशा पिकला आणि लगेच विरला. शिपाई मॅडमकडे बघू लागले. एक बूट चिखलात गेलेला, बाह्या कोपरापर्यंत बरबटलेल्या, अशा त्या बांधाच्या टोकाला उभ्या होत्या. खाडीवरची नजर न काढता त्यांनी हात वर केला.

"हाय."