मिस्त्रींचा एकच शब्द

“सेट,” मिस्त्री म्हणाले.

“मधला दरवाजा वीतभर मागे घ्या म्हणतायत,” ती म्हणाली.

दोघा कामगारांनी दरवाजा मागे सरकवला. विंगेतल्या खुर्चीवर बसलेल्या मिस्त्रींनी मान हलवली. तिने रुमालाने त्यांच्या ओठांची कड टिपली आणि त्यांच्याशेजारी ताठ उभी राहिली. बघा म्हणावं, माझा माणूस.

झटका आला तेव्हा मिस्त्रींची उजवी बाजू लुळी पडली आणि भाषा गेली. उरला तो एक शब्द. जन्मभर नाटकांचे सेट उभारलेले, तेव्हा तोच उरावा यात नवल ते काय. त्या एकाच शब्दावर संसार चालतो, हे तिला हळूहळू कळलं. उशी मानेखाली नीट बसली की सेट. घड्याळ लावलं का, तेही सेट. कपबशा, टीव्ही, दाढीचं सामान, हे तर सेटच. धाकट्या दिरांनी मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, “सेट?” म्हणजे, नक्की ना? आणि चहाला उशीर झाल्यावर जो सेट यायचा, त्याचा अर्थ ती चारचौघांत सांगत नसे.

“बरं आहे तुझं,” थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, “नवरा भांडत नाही.”

“भांडतात की. तुम्हाला ऐकू येत नाही.”

सुरुवातीचे महिने ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. मग एके दुपारी त्यांनी खुणेने काड्यापेट्या मागितल्या. ताटलीचा रंगमंच झाला, काड्यापेट्यांच्या भिंती आणि जिने. पेट्या मांडायच्या तिने, मान हलवायची त्यांनी. चुकलं की सगळं मोडून पुन्हा. आजारी माणसाचा विरंगुळा, म्हणून तिने एक दुपार चुकवली नाही.

थिएटरमध्ये रंगमंचप्रमुखाची जागा रिकामी होती. आज नव्या नाटकाची रंगीत तालीम, मिस्त्रींना घेऊन या, कसं जमतंय ते बघू, असा मॅनेजरबाईंचा निरोप आला. तिने देवापुढे हात जोडले. ही जागा हुकली तर माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार, आणि या खेपेला काड्यापेट्याही उपयोगी पडणार नाहीत.

आल्या आल्या मिस्त्री काठी टेकत सबंध रंगमंच फिरले होते. जुन्या सवयीने, काठी काखेत धरून, एकेक वस्तू डाव्या हाताने चाचपली. जिन्यापाशी अंमळ रेंगाळले. रेंगाळू दे, ती मनात म्हणाली, माहेरी आलाय माणूस.

“वहिनी,” सुतार खिळे गोळा करत म्हणाला, “पूर्वी मिस्त्री शिव्या घालायचे. आता नुसतं सेट. चुकल्यासारखं होतं हो.”

“अजून घालतात. मी गाळून सांगते.”

कामगार हसले. मिस्त्री मात्र तिच्याकडेच बघत होते.

“माझं तोंड काय बघताय,” ती कुजबुजली. “तिकडे बघा. बाई समोरच बसल्यात.”

पहिला अंक सुरळीत पार पडला. पडदा पडला, भिंती फिरल्या, मधोमध माडी आणि जिना उभा राहिला. अंक सुरू होताना नायिका माडीवरून धावत खाली यायची होती. ती वर जाऊन उभी राहिली. त्या थिएटरात एक रीत होती. प्रमुखाने सेट म्हटल्याशिवाय पडदा उघडायचा नाही, आणि एकदा म्हटलं की कुणी ब्र काढायचा नाही.

“सेट,” मिस्त्री म्हणाले. मोठ्याने, खणखणीत.

पडदेवाल्याने दोरीला हात घातला.

आणि तिचं लक्ष जिन्याकडे गेलं. जिना माडीला जोडणारी लोखंडी खीळ जागेवर नव्हती.

यांच्या नजरेतून सुटलं? यांच्या? खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम, रोज सकाळी दिवा लावताना ती तो मनाशी उच्चारत असे. पण वर एक पोर पाऊल उचलायच्या बेतात होती, आणि खुर्चीत तिचा नवरा होता.

“थांबा,” ती म्हणाली. “पडदा उघडायचा नाही. जिन्याची खीळ नाही म्हणतायत.”

“ते तर सेट म्हणाले,” पडदेवाला म्हणाला.

“मला शिकवू नका. दोरी सोडा आधी. पोरी, तिथेच उभी राहा, पाय हलवू नकोस. सुतारदादा, दुसरी खीळ आणा.”

एवढा आवाज आपल्या गळ्यात आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. खीळ ठोकली गेली. तिने स्वतः दोन्ही हातांनी जिना हलवून पाहिला.

“आता उघडा.”

पडदा उघडला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले ते तालीम संपेपर्यंत. दुसरा अंक कसा उभा राहिला आणि कसा उतरला, कोण कुणाला काय सांगत होतं, याकडे तिचं ध्यान नव्हतं. मान खाली जाणार होती, ती आता एकदाची जाऊ दे, असं तिला झालं होतं.

शेवटी मॅनेजरबाई विंगेत आल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच ती बोलून गेली.

“बाई, खिळीचं मी खोटं सांगितलं. ते तसं म्हणाले नव्हते. पण आयुष्यात एकदाच चुकलेत हो. तेवढ्यावरून त्यांना जागा नाकारू नका.”

“त्यांना जागा द्यायची नव्हतीच,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात ते तुमच्या दिरांना घेऊन माझ्याकडे आले होते. खाणाखुणा करून जागा मागितली. स्वतःसाठी नाही.”

“सेट,” मिस्त्री हळूच म्हणाले.

“हे म्हणतायत...” सवयीने तिने सुरुवात केली आणि ती अडखळली.

मिस्त्रींनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि जिन्याची खीळ काढून तिच्या तळहातावर ठेवली.