पहिल्या रांगेतला फुगा

मॅरेनच्या वडिलांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तरी लेकीच्या रॉक बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत, पोटाशी फुगा धरून बसायचे. ड्रम कडाडले की फुगा थरथरायचा. तेच त्यांचं ऐकणं.

चौथ्या अल्बममध्ये बँडने ड्रम काढूनच टाकले. नुसती मॅरेनची गिटार आणि तिचा हलका आवाज. नेमका तोच अल्बम देशभर गाजला. मॅरेनला मात्र एकच घोर होता, आता बाबांचं काय?

मिनियापोलिसच्या खचाखच भरलेल्या सभागृहात तिने पहिलं गाणं सुरू केलं. फुगा स्तब्ध. बाबांनी खुणेनं विचारलं, "अगं, झोपवायला बोलावलंस होय मला?"

ती गाता गाता थांबली. बोटं तारांवरून सुटली.

आणि फुगा थरथरू लागला. बाबांचे डोळे विस्फारले. फुगा हनुवटीखाली दाबून त्यांनी घाईघाईने खूण केली, "हां, आत्ता कसं! कोण वाजवतंय गं एवढ्या जोरात?"

मॅरेनने आपले रिकामे हात दाखवले, मग त्यांच्या पाठीमागे बोट केलं.

बाबा वळले. वीस हजार माणसं उभी राहून तिचं गाणं गात होती.