टीव्हीवरची खोली

“ही खोली बरी दिसतेय,” सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात माउसवरच थिजला.

लॅपटॉपवर भाड्याच्या खोलीचे फोटो होते. तिने भीत भीत मान वळवली. मागच्या भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर तीच खोली होती. तोच पांढरा ओटा, तीच खिडकी.

ती ऑफिसचं काम घरूनच करायची, आणि टीव्हीला लॅपटॉप जोडून दिला होता तिच्या नवऱ्याने. “आईलाही कळू दे, सून किती हुशार आहे ते,” असं तोंडाने गोड बोलला होता. लॅपटॉपवर जे दिसेल ते टीव्हीवर, आणि टीव्हीवरचं सगळं समोरच्या खुर्चीतल्या सासूबाईंना. संध्याकाळी जोडे काढता काढता तो विचारायचा, “आई, आज काय काय झालं?” मग सासूबाई सांगायच्या. ही कुणाशी बोलली, किती वेळ बोलली, मध्येच हसली का. सकाळी निघताना तो दोघींना आत ठेवून दाराला बाहेरून कुलूप घालायचा. चोऱ्या वाढल्यात म्हणे.

पण स्वारीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जोडणी दोन तऱ्हांनी करता येते. एकीत दोन्ही पडद्यांवर एकच चित्र, दुसरीत टीव्हीवर एक आणि लॅपटॉपवर भलतंच. सुनेला हे सापडलं त्या दिवशी तिने कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. तेव्हापासून टीव्हीवर ऑफिसचे आकडे असायचे, आणि हातातलं काम उरकलं की लॅपटॉपवर दुसऱ्या गावातल्या खोल्या. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना हजर राहायचं होतं. त्या दिवशी बाहेर पडायचं ते परत न येण्यासाठी, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि आज फडकं मारताना सासूबाईंच्या हातून टीव्हीमागची वायर निसटली. त्यांनीच ती पुन्हा खोचली. दोन्ही पडद्यांवर पुन्हा एकच चित्र आलं आणि बिंग फुटलं.

“आई, ते... मैत्रिणीसाठी बघत होते,” सून कशीबशी म्हणाली.

सासूबाई टीव्हीकडे बघत राहिल्या. तिने घाईघाईने आकडे लावले, तरी त्यांची नजर हलली नाही. आता सोमवार कसला, आता लॅपटॉपही जाणार आणि नोकरीही, हेच दिवसभर सुनेच्या डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली.

“आई, आज काय काय झालं?”

“काय व्हायचंय? आकडे, आकडे आणि आकडे,” सासूबाई म्हणाल्या. “बघून बघून माझ्या डोळ्यांची वाट लागली. सोमवारी ही बाहेर जातेच आहे, तर मला डॉक्टरांना दाखवून आणेल.”

“बरं,” तो म्हणाला आणि मोबाइल घेऊन सोफ्यावर आडवा झाला.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी नळ मोठा सोडला. बाहेर ऐकू जात नाही याची खात्री करून त्या सुनेच्या कानाशी आल्या.

“अगं, त्या खोलीत दोन खाटा बसतील ना?”