निळा ठिपका

"तिसऱ्या दिवशी दुपारी इथे थांबायचं," असं म्हणत मुलीने लाल पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं आणि तिच्या म्हाताऱ्या बापाने नजर दुसरीकडे वळवली.

नकाशाने जेवणाचं टेबल पार झाकून टाकलं होतं. चार कोपऱ्यांवर चहाचे दोन कप, साखरेची बरणी आणि जीपच्या किल्ल्या. आठ दिवस, वाळवंटातली तीन राष्ट्रीय उद्यानं, अठराशे किलोमीटर. मुलगी दवाखान्यात नर्स होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला सलग रजा मिळाली होती आणि ती तिने बापासाठी खर्ची घालायचं ठरवलं होतं. ज्या वाळवंटाचे नकाशे काढण्यात बापाचा जन्म गेला, ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. मोजणीवाले उन्हात करपून आकडे आणायचे आणि हा पंख्याखाली बसून शाईने रेघा मारायचा. तिथे नाहीतरी फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा न्यायचा तो बापाच्या हातचाच, हा तिचा हट्ट.

"इथे विहीर आहे. म्हणजे पाण्याचे चार कॅन कमी नेता येतील," ती म्हणाली. "जीपवर भार तरी किती टाकायचा?"

पेन्सिलीखाली एक निळा ठिपका होता. त्याच्याभोवती बारीक, देखणं वर्तुळ.

कचेरीत नकाशाचा प्रत्येक रंग वेगळ्या कागदावर काढत. निळा, म्हणजे पाण्याचा, याच्याकडे होता. वाळवंटाचा निळा कागद म्हणजे भरपगारी रजा, असं बाकीचे चिडवायचे. पण याच्या हाताला सगळे मानायचे. चुकलेली शाई खरवडायला प्रत्येकाला एक ब्लेड मिळायचं. याचं ब्लेड नऊ वर्षांत वापराविना गंजलं होतं, आणि साहेब ते गंजकं ब्लेड नव्या लोकांना कौतुकाने दाखवायचे.

मग एका सकाळी त्याच्या पेनातून थेंब गळला. कोऱ्या कागदाच्या मधोमध.

खोलीभर माणसं होती. त्यांच्यादेखत ब्लेड हातात घ्यायची त्याला लाज वाटली. त्याने शांतपणे थेंबाभोवती वर्तुळ काढलं, आणि नकाशाच्या भाषेत वर्तुळातला निळा ठिपका म्हणजे विहीर. पुढच्या आठवड्यात नकाशा छापायला गेला. त्या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो पेपरात आधी वाळवंटात कुणी तहानेने दगावल्याची बातमी शोधायचा, आणि ती नाही दिसली की मगच चहाला तोंड लावायचा.

"बाबा, लक्ष कुठे आहे? कॅन कमी करू ना?"

"पाणी आपलं जास्तच असू दे."

"का? विहीर आहे की. तुमचा नकाशा कधी चुकलाय?"

तिने हे इतक्या सहज म्हटलं की त्याला ते ऐकवेना. आणखी एखादी सबब सांगता आली असती. पण आता त्या ठिपक्यावर भरवसा टाकून त्याची स्वतःची पोर निघाली होती.

"ठमे, तिथे विहीर नाही," तो म्हणाला. "तो शाईचा डाग आहे. माझ्या हातून पडलेला."

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "कधी?"

"तुझ्या जन्माचा फोन आला तेव्हा. हात थरथरला जरा."

ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "आणि पाण्याच्या आशेने तिथे कुणी गेलं असेल तर?"

चौतीस वर्षं तो स्वतःला हेच विचारत होता.

परवान्याच्या कागदावर उद्यानाच्या चौकीच्या लँडलाइनचा नंबर होता. मुलीने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि चौकीवरच्या रक्षकाला सरळ विचारलं, "कोरड्या ओढ्याच्या वळणावर नकाशात विहीर दाखवली आहे. ती खरंच आहे का?"

"आहे की," तिकडून आवाज आला. "गोड पाणी. बारा महिने."

"शक्यच नाही," म्हातारा बोलून गेला.

रक्षक हसला. "सगळे असंच म्हणतात, साहेब. आमचे वडील इथले वाटाडे होते. एकदा वादळात दोन पाहुण्यांना घेऊन भरकटले. पाणी संपलेलं. नकाशा बघत त्या वळणावर पोचले, तर नुसती वाळू. पाहुण्यांनी तर बसकणच मारली. वडील म्हणाले, नकाशात आहे म्हणजे आहे, वाळूने बुजली असेल. तिघांनी जेवणाच्या ताटल्यांनी उकरायला घेतलं. छातीइतकं खोल गेल्यावर वाळू ओली लागली. तिघंही जिवंत परत आले. नंतर उद्यानाने ती नीट बांधून काढली."

म्हाताऱ्याच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढा मोठा कोरा कागद, आणि थेंबाला पडायला नेमकी तेवढीच जागा सापडली होती. त्याने बोट पुढे केलं, पण ठिपक्याला लावायचं धाडस होईना. एखाद्या झोपलेल्या तान्ह्या बाळाला लावताना होत नाही, तसंच.

"एकच गोष्ट वडिलांना शेवटपर्यंत कळली नाही," रक्षक सांगत होता. "खणताना जुन्या विहिरीचा एक दगडसुद्धा मिळाला नाही. ते म्हणायचे, हा नकाशा काढणारा कधी भेटला तर त्याला विचारायचंय, वाळूखालचं पाणी तुला दिसलं कसं? आता वडील नाहीत. पण मला अजून विचारायचंय."

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"ते इथे माझ्यासमोर बसलेत," ती फोनमध्ये म्हणाली. "तिसऱ्या दिवशी दुपारी घेऊन येते. तुम्हीच विचारा."