पोटातली संमती

इंदुमतीबाईंनी यंत्रावर तळहात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "इमारत पाडायला माझी संमती आहे."

लाल दिवा लागला.

"अहो काकू, मनापासून म्हणा की!" सोसायटीचे सेक्रेटरी बिडकर ओरडले.

"मी तर हो म्हणतेय. तुमच्या यंत्रालाच पटत नाही."

सह्यांचे दिवस गेले होते. प्रत्येक घरमालकाची संमती पोटातून आली आहे, असं यंत्राने सांगितल्याशिवाय नगरपालिका पुनर्विकासाला पैसा देत नसे. बाकी सगळ्यांचे दिवे हिरवे होते आणि मुदत आज संपत होती.

"बिडकर, आमच्या ह्यांचं मढं लिफ्टमधून न्यायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. चार मजले जिन्याने उतरवावं लागलं. आता यंत्रावर हात ठेवून माफी मागा."

"चुकलो, काकू," बिडकर हात ठेवून म्हणाले. दिवा लाल. सभासद हसले.

"मग माझ्या दारापासून जिन्याने उतरून या. खांद्यावर गव्हाचं पोतं घेऊन."

पोतं सभासदांनीच आणून दिलं. बिडकर खाली पोचले, पोतं टाकलं आणि यंत्रावर हात ठेवला. "चुकलो," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

इंदुमतीबाईंनी पुन्हा तळहात ठेवला. "माझी संमती आहे."

लाल.

"अगंबाई! आता पोटातलं मी तरी कसं बदलू?" त्या म्हणाल्या आणि वर जायला त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.