खडकावरचा उजेड

१९३९ च्या एप्रिलात, सूर्य मावळल्यावर वायव्येला एक अंधुक धूमकेतू दिसे. त्याचा फोटो घ्यायला मी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर तिपाईवर साधा कॅमेरा लावला होता. आत काचेची प्लेट होती; दहा मिनिटं भिंगाचं झाकण उघडं ठेवायचं होतं.

जवळच बायजाकाकी कंदील घेऊन उभी होती. कोंडाकाकांची होडी अजून आली नव्हती. समोरचा खडक भरतीत बुडालेला. किनाऱ्यावरचा उजेड बघूनच होड्या तो चुकवत.

"काकी, कंदिलाने प्लेट खराब होईल."

"घे बाबा तुझा शेपटीवाला तारा. आमचा म्हातारा काय इतक्यात येत न्हाय." तिने कंदिलावर टोपली पालथी घातली.

दहा मिनिटं पुरी झाल्यावर मी झाकण लावलं, आणि वल्ह्यांचा आवाज आला. काकी टोपली भिरकावून पाण्यात धावली. पण होडी खडक टाळून वाळूला लागलीही होती.

"रडतेस काय गो? जिता हाय मी!" कोंडाकाका हसले. "खडकावर दिवा धरून कोणाला उभं केलंस?"

"कोणाला न्हाय! चल, भात निवला." काकीने रडता रडता त्यांच्या पाठीत धपाटा घातला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. घरी जाऊन गाढ झोपलो.

सकाळी प्लेट धुऊन छाप काढली. पृथ्वी फिरते, म्हणून सगळ्या ताऱ्यांच्या तिरक्या रेघा उमटल्या होत्या. खाली, खडकाच्या जागी, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर एक उजळ ठिपका होता.

इतका बारीक, की तो दिवा धरणारा हात दहा मिनिटांत जराही हलला नसणार.