डावखुरीची गिटार

नाशिकमधल्या तिसऱ्या दुकानातही जुईलीला तेच ऐकावं लागलं.

"डावखुऱ्यांसाठी बेस गिटार येत नाही, मॅडम. उजव्या हातानं शिका, सवय होईल."

"शाळेत उजव्या हातानंच लिहायला लावलं. अजून अक्षर घाण आहे माझं," ती तडकून म्हणाली. पंक बँडमधल्या मैत्रिणी तिच्यावाचून खोळंबल्या होत्या.

दुकानदारानं एक काळी, जड बेस गिटार स्पीकरला जोडून दिली. जुईलीनं ती उजव्या हातानं वाजवून पाहिली. सूर मेल्यासारखे निघाले.

चिडून तिनं गिटार फिरवून धरली. जाड तार खाली गेली, बटणं हाताला टोचू लागली. तरी डाव्या हातानं तिनं सगळा राग तारांवर काढला. शोकेसच्या काचा थरथरल्या.

"अहो, उलटी वाजवताय!" दुकानदार ओरडला.

"सुलटी मिळत नाही ना? मग हीच द्या."